बुक करणारा: कोणीही

आमच्या इमारतीच्या तळघरातला कुलपांचा फळा काढून टाकायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. ती माझ्या बायकोची. म्हणजे फळ्याचं नाव तिने घेतलं नाही, ती एवढंच म्हणाली, "सिक्स्टेन, मसाल्याच्या बरण्या तू कालच लावल्या होत्यास. आज पुन्हा लावतोयस. काहीतरी काम शोध, नाहीतर मी इस्पितळातच राहायला जाते." मायवोर नर्स आहे आणि अशी वाक्यं ती इंजेक्शन देतानाच्या आवाजात बोलते. कंपनीने मला वयाच्या मानाने जरा लवकरच घरी बसवलं होतं. निरोपाला एक कुंडी दिली होती, तिच्यातलं रोपही मान टाकत चाललं होतं. जन्मभर प्रोग्रॅम लिहिलेल्या माणसाने शहाजिरं डावीकडे की वेलची यावर सकाळ घालवावी, हे मलाही शोभत नव्हतं. म्हणून मी धुणं घेऊन तळघरात गेलो, आणि तिथे तो फळा दिसला.

फळा म्हणजे काय ते आमच्या स्वीडनमध्ये, निदान नोरशेपिंग गावात, कुणाला सांगावं लागत नाही. आडवे वार, उभे तास, आणि प्रत्येक घराचं एक बोटभर कुलूप. ज्या खाचेत तुमचं कुलूप, ती धुण्याच्या खोलीतली वेळ तुमची. आमच्या गावात माणसं घटस्फोट समजून घेतात, दिवाळं समजून घेतात, पण दुसऱ्याचं कुलूप हलवणाऱ्याशी पुन्हा कुणी बोलत नाही. तसे आधीही फारसे बोलत नाहीत म्हणा. जिन्यात पावलं वाजली की आम्ही दाराच्या भिंगाला डोळा लावून उभे राहतो आणि पावलं विरली की मगच बाहेर पडतो. दुसऱ्याच्या वेळेत धुण्याच्या खोलीत डोकावणं तर फारच लांब. आम्ही याला शेजारधर्म म्हणतो. पुढे जे झालं ते इतके दिवस का चाललं, याचं कारण या शेजारधर्मात आहे.

इमारतीच्या वार्षिक सभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, फळा जुना झाला, मी फुकट प्रोग्रॅम लिहून देतो. सोल्वेग हेसेलमार्क आमच्या अध्यक्ष. त्या कॉफीचा कपही बशीच्या बरोबर मध्यावर ठेवतात. त्यांनी मान डोलावली, आणि मग सल्ले सुरू झाले. नुसती धुण्याची खोलीच का? गरम वाफेचा सॉना पण घ्या. सॉना घेता तर पाहुण्यांची खोली काय पाप करते? मग समारंभाचा हॉल. तळमजल्यावरचे एक गृहस्थ, जे आयुष्यात कधी सभेत बोलले नव्हते, ते लाल होऊन म्हणाले, "आणि हातगाडी? पानं गोळा करायच्या दिवसांत ती कधीच जागेवर नसते!" सगळ्यांनी 'हातगाडी, हातगाडी' असा घोष केला. मी वेलचीचा पाव खात होतो. मला वाटलं, अखेर कुणाला तरी माझी गरज आहे.

आता थोडं तांत्रिक बोलू द्या. मायवोर इथे उठून जाते, तुम्ही बसा. साधा माणूस काय करील? धुण्याच्या खोलीचा एक क्लास लिहील, म्हणजे तिचा आराखडा. मग सॉनाचा दुसरा, हातगाडीचा तिसरा, आणि सगळ्यांत तेच ते पुन्हा पुन्हा. मी साधा माणूस नव्हे. मी इंटरफेस लिहिला. इंटरफेस हा नुसता करार असतो. तो म्हणतो, तू कोण आहेस ते मला नको, तुला अमुक एक गोष्ट करता येते का तेवढं सांग. आणि तो करार मी जेनेरिक केला, म्हणजे करारातली नावाची जागा कोरी ठेवली. बुक होणारं: काहीही. बुक करणारा: त्याच्याकडून एकच अपेक्षा. वेळेच्या आधी 'येणार का?' असं विचारलं की त्याने 'हो' म्हणावं. 'हो' आलं की दाराचं कुलूप उघडतं, नाही आलं तर वेळ दुसऱ्याला जाते. इतका सुंदर करार मी कंपनीतही कधी लिहिला नव्हता. तिथे कुणी लिहूच दिला नसता.

कोऱ्या जागेवर शहाणा माणूस एक अट घालतो. मीही घातली होती: 'इथे माणूसच हवा.' पण सोल्वेगबाईंनी विचारलं, "सॉनाच्या सफाईची वेळ कोण बुक करणार? दर वेळी मीच का?" मी म्हणालो, "सॉना स्वतःच करील की!" आणि ती अट खोडून टाकली. आता सॉना स्वतःची सफाई स्वतः मागू शकत होता. मी तीन कप कॉफी प्यायलो आणि मायवोरला हाका मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान. कुंडीला पाणी घाल."

राहिल्या डागनीमावशी. तिसऱ्या मजल्यावरच्या. आम्ही लहानमोठे सगळे त्यांना मावशीच म्हणायचो. सभा संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि बाही धरून म्हणाल्या, "सिक्स्टेन, तुझ्या त्या यंत्रात यालमारचं कुलूप कुठे बसणार रे?"

यालमारकाका त्यांचे यजमान. वसंतात गेले. दोघांचं लग्न याच इमारतीत जमलं होतं. ते तळमजल्यावर, त्या तिसऱ्या मजल्यावर. लग्नानंतर एक घर सोडलं, पण कुलपं दोन्ही ठेवली. दर मंगळवारी दुपारी ती शेजारशेजारच्या खाचांत असायची: एका तासात धुणं, दुसऱ्यात चादरी इस्त्रीच्या रुळाखालून काढून घड्या. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, एकाने इकडची टोकं धरायची, दुसऱ्याने तिकडची. नियमाप्रमाणे एका कुलपाला एकच तास. काका गेल्यावर त्यांचं कुलूप फळ्यावर तसंच राहिलं, कारण दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा कुणी? मला वाटतं, मावशींना उरलेला आठवडा हा त्या दोन तासांची वाट बघण्यासाठीच होता.

"माझा करार नाव विचारत नाही, मावशी," मी छाती फुगवून म्हणालो. "काकांचं कुलूप जसंच्या तसं आत घेतो. तुमचा मंगळवार कुठे जात नाही. शब्द देतो."

"शब्द दिलास हं," त्या म्हणाल्या. "त्यालाही सांगते."

काका 'हो' म्हणू शकणार नव्हते, हे मला कळत होतं. मी तितका वाहवलो नव्हतो. मी ठरवलं की दर मंगळवारी घरी बसून त्यांच्या वतीने 'हो' आपणच दाबायचं. पहिल्या मंगळवारी मी कॉफी घेऊन पडद्यासमोर बसलो. डागनी: हो. आणि त्याखाली, मी बोट पुढे करण्याआधीच, यालमार: हो.

प्रोग्रॅमरचा पहिला विचार भुताखेताचा नसतो. त्याचा पहिला विचार असतो की आपल्या हातून काहीतरी फार हुशारीचं होऊन गेलं. मी कोड वरपासून खालपर्यंत वाचला. काकांचं उत्तर कुठून यावं अशी एकही ओळ नव्हती. मावशींनी फोनवरून दाबलं म्हणावं, तर त्यांच्याकडे भिंतीवरचा जुना फोन, फिरवायचा. त्यांचं 'हो' त्या खाली जाऊन दारावरच्या पडद्यावर दाबत, स्वतःचा ओळखीचा बिल्ला लावून. काकांचा बिल्ला मी बनवला होता खरा, पण तो माझ्याच टेबलाच्या खणात होता. मी खण उघडून पाहिला. होता. जरा दमट वाटला, पण मी कॉफी सांडली असेल.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. खाली जाऊन बघावं असं मनात आलं, पण वेळ त्यांची होती. दुसऱ्याच्या वेळेत कसं जाणार? मी जिन्यात उभा राहून ऐकलं फक्त. खालून रूळ फिरल्याचा घरघराट येत होता, आणि मधूनमधून ओली चादर झटकल्याचा फट् असा आवाज. चादर तशी वाजायला दोन्हीकडून ओढावी लागते, हे मला वर आल्यावर सुचलं.

मग बाकीचेही सुरू झाले. एके दिवशी पडद्यावर आलं: 'सॉना, बुक करणारी: पाहुण्यांची खोली.' मी हसलो. सफाईसाठी मोकळी सोडलेली कोरी जागा. तिथे खोलीही बसत होती, करार पाळत होती, मी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? दुसऱ्या मजल्यावरच्या बाई मात्र मला टपालपेट्यांपाशी गाठून म्हणाल्या, "पाहुण्यांकडे पाहुणे आलेत का? सॉनातला बाक ओला होता आणि त्यावर कुणी बसल्याची खूण होती. चौकोनी." मी विचारलं, तुम्ही आत कशा गेलात? त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांची वेळ पुढची होती, पण त्या पाच मिनिटं आधी गेल्या होत्या. मी तो विषय तिथेच सोडला; तोवर आमच्यात चोर कोण हेच कळेना.

घरी मायवोर म्हणाली, "तुला भीती नाही वाटत?"

"भीती कसली? चुकीची अट आहे. मंगळवारनंतर बघतो."

"मंगळवारनंतर का?"

अट परत घातली की काकांचं कुलूपही बाहेर पडणार होतं. माझा शब्द त्या एका चुकीवर उभा होता.

शेवटी सगळं अंगाशी आलं ते नाताळच्या मेजवानीला. हॉल सोल्वेगबाईंनी बुक केला होता, पण 'येणार का?'ला त्यांनी उत्तर दिलं नाही. "मी अध्यक्ष आहे," त्या नंतर म्हणाल्या, "मी येणार हे काय विचारायचं?" करार अध्यक्ष ओळखत नाही. वेळ मोकळी झाली आणि दुसऱ्या कुणीतरी घेतली. आम्ही सगळे गरम ग्लॉगची, म्हणजे मसाला घातलेल्या वाइनची, पातेली आणि आल्याच्या बिस्किटांचे डबे घेऊन तळघराच्या बोळात उतरलो, तर दारावर लिहिलेलं: 'सध्याचं बुकिंग: हातगाडी. सहापर्यंत.'

"कोणाची वेळ आहे म्हणे?" मागून कुणीतरी विचारलं.

"हातगाडीची."

"कधी संपते?"

"सहाला."

"मग थांबायला हवं."

कुणी हसलं नाही. कुणी दार ठोठावलं नाही. अख्खी इमारत डबे सांभाळत बोळात उभी राहिली. दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. आत खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, मग चाकाचा, कुई कुई, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

"जरा लवकर आटप म्हणावं का तिला?" तळमजल्यावरचे गृहस्थ पुटपुटले.

"छे हो! आपल्या वेळेत कुणी ठोठावलं तर आपल्याला चालेल का?"

सहाला कुलूप खट्कन उघडलं. आत कुणी नव्हतं. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, दिवे चालू, आणि हॉलच्या मधोमध हातगाडी. ती अंगणातल्या शेडमध्ये साखळीने बांधलेली असते. किल्ली सोल्वेगबाईंच्या गळ्यात. चाकावरचा बर्फ अजून वितळत होता. बाकी हॉल झाडून पुसून लख्ख केलेला. वापरणाऱ्याने आधीपेक्षा स्वच्छ ठेवावा हा नियम भिंतीवर लिहिलेला आहे, पण तो पाळणारं आम्हाला पहिल्यांदाच कुणी भेटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ग्लॉगचा पहिला पेला भरला, क्षणभर घोटाळल्या, आणि हातगाडीच्या बाजूला जमिनीवर नेऊन ठेवला.

सोल्वेगबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. त्या रागावल्या की अगदी हळू बोलतात.

"सिक्स्टेन, तुम्ही हुशार आहात हे आम्हाला कळलं. आता पुरे. मंगळवारपर्यंत अट घाला. काय घालायची ते मी सांगते, लिहून घ्या: इथे राहणारा माणूस. बस्स."

"पण डागनीमावशींचं..."

"मेलेल्या माणसाचं कुलूप फळ्यावर राहिलं कारण कुणाला हात लावायचं धाडस नव्हतं. तुमच्या प्रोग्रॅमला हात नाहीत. काढा."

त्या आदेशाचं मला दुःख झालं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मावशी जिन्यात भेटल्या. भेटल्या म्हणजे त्या मुद्दाम थांबल्या होत्या, मी भिंगातून बघत होतो तरी हलल्या नाहीत. मला दार उघडावं लागलं.

"हॉलमधलं ऐकलं मी सगळं," त्या म्हणाल्या. "सोल्वेगच्या हळू आवाजाइतकं लांब काही ऐकू जात नाही. एकच तास राहणार ना?"

"मावशी, मी..."

"तू कधी एकट्याने मोठी चादर घडी केलीयेस का रे? हनुवटीखाली धरायची, हात लांब करायचे, तरी एक टोक जमिनीला लागतंच. मग पुन्हा धुवायची." त्या हसल्या, पण नाकाचा शेंडा लाल झाला होता. "राहू दे. मी पडदेच तेवढे धूत जाईन."

घरी येऊन मी कामाला बसलो. काकांच्या जागी काय ठेवता येईल याचे आराखडे मी दोन दिवस काढत होतो: उत्तर देणारा खोटा क्लास, खोट्याला खरं म्हणणारा दुसरा क्लास, आणि सोल्वेगबाईंना यातलं काही दिसू नये म्हणून तिसरा. मायवोर ड्यूटीवरून आली, कोट काढला, माझ्या मागे उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"चादरीचं दुसरं टोक धरणारा कुणीतरी हवाय. तो करारात बसला पाहिजे. इथे राहणारा पाहिजे. आणि माणूस पाहिजे."

तिने माझ्या पुढ्यातला कॉफीचा कप उचलला.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "मग तू जा की."

इतक्या वर्षांत माझ्या कामाची इतकी छोटी दुरुस्ती कुणी सुचवली नव्हती. मला राग आला, मग मी ती केली. काकांचं कुलूप काढलं, डागनीमावशींच्या बुकिंगला माझं नाव जोडलं आणि अट घातली, अगदी सोल्वेगबाईंच्या शब्दांत. हातगाडीच्या नावाने एक परीक्षा घेतली: नकार. पाहुण्यांची खोली: नकार. सॉना: नकार. यालमारकाकांच्या नावाने परीक्षा घ्यायला हात धजला नाही. त्यांचा बिल्ला मी खणातून काढून खिशात ठेवला, मावशींना परत द्यायला.

मंगळवारी दुपारीच अंधारून आलं होतं. समोरच्या खिडक्यांत नाताळचे दिवे लागले होते. मी 'हो' दाबलं आणि जन्मात पहिल्यांदा, दुसऱ्याच्या म्हणावं अशा वेळेत, धुण्याच्या खोलीकडे निघालो. जिन्यात मला स्वतःच्या पावलांचा आवाज मोठा वाटत होता. प्रत्येक मजल्यावर भिंगामागे कुणीतरी श्वास रोखून उभं असणार. खाली रूळ फिरत होता. मी दार ढकललं.

मावशी खोलीच्या पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या, चादरीचे दोन कोपरे हातात, हात पसरून. चादर पांढरी, मोठी, दुहेरी पलंगाची. तिचं दुसरं टोक माझ्याकडे होतं, छातीच्या उंचीवर, ताणलेलं, दोन्ही कोपरे बाहेर ओढलेले. धरणारं कुणी नव्हतं. मी दार उघडताच ती खाली पडली असं सांगायला मला आवडलं असतं. ती पडली नाही. सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"दार लाव, गार येतंय," मावशी म्हणाल्या. "आणि ये असा पुढे. कधीचा धरून उभाय, हात भरून आलेत त्याचे."

पळून जावं असं मला वाटलं. गेलो नाही, कारण वेळ माझी होती आणि मी 'हो' म्हटलं होतं. मी पुढे झालो आणि कोपरे पकडले. क्षणभर ते सुटेनात, जिना चढताना कुणी जड पिशवी देतं आणि तुमची पकड बसली का ते बघूनच सोडतं, तसे. मग चादरीचं वजन माझ्या हातात आलं. सगळी चादर गार आणि ओलसर होती. ते दोन कोपरे गरम होते.

दाराशेजारी पडदा होता. मी मान वळवून पाहिलं. डागनी: हो. सिक्स्टेन: हो. यालमार: हो.

मी एका हातात दोन्ही कोपरे धरले आणि दुसऱ्याने फोन काढून कोड उघडला. माणसाची सवय जात नाही. कुलूप मी काढलं होतं, ते काढलेलंच होतं. अट जागेवर होती, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. इथे राहणारा माणूस. बस्स. हातगाडीला तिने अडवलं होतं, सॉनाला अडवलं होतं. चूक कुठेच नव्हती. अट चोख होती, आणि जो खरोखर इथे राहतो त्यालाच ती आत घेत होती.

"मावशी," मी म्हणालो. "सोल्वेगबाईंना काय सांगू?"

"सांग की सगळं नियमाप्रमाणे आहे. त्याशिवाय तिला झोप लागत नाही. फोन ठेव तो खिशात आणि ओढ."

मी ओढलं. चादर फट्कन वाजली. आम्ही एकमेकांकडे चालत आलो, मी माझे कोपरे त्यांच्या हातात दिले, वाकून घडीची खालची कड उचलली, पुन्हा मागे गेलो. खिशातला बिल्ला द्यायचा राहून गेला. मला वाटलं, काम मला बऱ्यापैकी जमतंय. एवढ्यात मावशींनी मान जरा कलती करून माझ्या खांद्यामागे पाहिलं, ऐकलं, आणि हसल्या.

"यालमार म्हणतो, फार जोरात ओढतोस. कापड विरेल."

कंपनीने घरी बसवलं तेव्हाही माझ्या कामाला कुणी तोंडावर नावं ठेवली नव्हती. मी काहीतरी उत्तर देणार होतो. मग हातातल्या घडीच्या कडेकडे बघितलं, तीही गरम झाली होती, आणि पुढच्या खेपेला हलक्या हाताने ओढलं.